खाली पावागड

"ताई, आम्ही खाली पोचलो. तुम्ही कुठे आहात?" सांगलीच्या निंबाळकर काकू फोनवर विचारत होत्या. मी डोंगराच्या अर्ध्यावर, जुन्या धान्यकोठारांपाशी, त्यांचीच वाट बघत बसले होते.

मी बडोद्यात टूर गाइड आहे. पावागडला आलेला माणूस गाडी जाते तिथवर जातो, पुढे रोपवेने देवीला, आणि परत. कोठारांकडे चिटपाखरूही फिरकत नाही. ती बाजू दाखवणारी टूर काढू या, म्हणून मी आमचे बॉस जिग्नेशभाई यांचा पिच्छा पुरवला होता. शेवटी ते म्हणाले, "एक ट्रिप कर. एक जरी कम्प्लेंट आली, तर टूर बंद." आणि पहिल्याच ट्रिपला पाहुणे गायब!

मी बॉसना फोन लावला. "जिग्नेशभाई, पाहुण्यांना काय कळवलंत?"

"अरे, तमारी मराठीमां ज तो मेसेज कर्यो! 'ताई डोंगराच्या खाली भागात भेटतील.'"

मी कपाळावर हात मारला. गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. बॉसना म्हणायचं होतं, जिथे गर्दी नाही तो भाग. काकूंनी सरळ मराठी अर्थ घेतला आणि आपल्या मंडळींना घेऊन पायथ्याशीच उतरल्या.

मिळेल त्या जीपने मी खाली आले. टूर गेलीच, असं धरून चालले होते.

झाडीतल्या एका ओसाड मशिदीच्या पायरीवर मंडळी दशम्या खात होती. निंबाळकर काका खांबाला टेकून चक्क घोरत होते. वर छतावर दगडी नक्षी, पलीकडे मोर.

"काकू, फार घोटाळा झाला हो..."

"कसला घोटाळा? इथे कुणी ढकलत नाही, कुणी आपल्या फोटोत घुसत नाही. बसा, दशमी घ्या."

"आणि वरची कोठारं?"

"तुम्ही बघून या. आमचे गुडघे काही वर यायचे नाहीत."

मला हायसं वाटलं. आजवर मी या मशिदीवरून गाडीतूनच गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे निवांत बसले, आणि उठवेना.

संध्याकाळी बडोद्यात, लहरीपुऱ्याच्या ऑफिसात बॉसनी विचारलं, "कम्प्लेंट?"

"एकच. काकांना झोपेतून उठवलं म्हणून."

टूर चालू राहिली. तिचं नाव बॉसनीच ठेवलं, 'खाली पावागड'. गुजराती पाहुण्यांना रिकामा मिळतो, मराठी पाहुण्यांना पायथ्याचा. कुणाचीच फसवणूक होत नाही.

मराठी मेसेज मात्र आता मीच लिहिते.