तासाला आडवं उड्डाण

आमच्या बचत गटाला फवारणीचं ड्रोन मिळालं. प्रशिक्षण घेतलं मी, परवाना काढला मी, आणि रिमोट गेला माझ्या दिराच्या हातात. सासऱ्यांनी तसं परस्पर ठरवूनच टाकलं होतं. "नाव तुझं राहू दे, उडवंल आपलं पोरगं," ते म्हणाले. पुसेगावजवळच्या आमच्या गावात यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, आणि गिळून गप्प बसायची माझी सवय नाही. शेवटी गटाच्या अध्यक्षीणबाईंनी तोड काढली. आमचीच सोयाबीनची शेजारशेजारची दोन चौकोनी वावरं, एक दिराला, एक मला. बॅटऱ्या दोघांना सारख्याच. ज्याचं वावर तेवढ्यात उरकेल त्याच्याकडं रिमोट कायमचा.

पहिली पाळी दिराची. वारा पश्चिमेचा होता. फवारणी थांबवावी इतका नाही, पण पानं हलत होती. पिकाच्या ओळी, आमच्या बोलीत तास, पूर्व-पश्चिम. आमच्याकडं पेरणी, कोळपणी सगळं तासानं चालतं. तास आडवे तुडवत जाणाऱ्याला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शिवी बसते, मग तो पाहुणा का असेना. तेव्हा दिरानंही ड्रोन तासातासानंच नेलं. जाताना ते वाऱ्याच्या तोंडाला रेंगाळायचं, येताना सुसाट सुटायचं. सासरे खूश होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "जाताना वारं अडवतं, येताना ढकलतं. फिटंफाट."

फिटंफाट होत नाही, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. माहेरी हट्ट्याला मी सायकलनं शाळेत जायची. वाऱ्याच्या दिवशी जाणंयेणं मिळून नेहमीपेक्षा जास्तच वेळ लागायचा. वारा अडवतो तेव्हा वाट सरत नाही, म्हणून तो जास्त वेळ अडवतो. ढकलतो तेव्हा वाट लगेच संपते, म्हणून मदतही लगेच संपते.

दिराच्या बॅटऱ्या संपल्या तेव्हा वावराची एक कड कोरडीच राहिली होती. "वाऱ्यानं घात केला, वहिनी," तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी फक्त मनात म्हटलं.

मी रिमोट घेतला आणि फवारणीच्या पट्ट्यांची दिशा फिरवली, दक्षिण-उत्तर, वाऱ्याला आडवी. वावर चौकोनी असल्यानं वळणं वाढणार नव्हती. सुरुवात पूर्वेच्या धुऱ्यापासून केली, म्हणजे वाऱ्यानं उडालेलं औषध फवारलेल्या पिकावरच पडेल. पहिला पट्टा सुटला आणि सासरे ताडकन उठले.

"तासाला आडवं काहून नेऊन राहिली? पीक मोडंल."

"मामा, त्याचे पाय कुठं टेकून राहिले?"

धुऱ्यावर बसलेल्या गटातल्या बायका हसल्या. सासरे हसले नाहीत, पण खाली बसले. ड्रोन जाताना जसं गेलं तसंच परत आलं, ना रेंगाळलं ना सुटलं. तरी मध्येच वारा जरा वाढला. आज हरले असते तर या घरात परवान्याचं कार्ड फक्त डब्यात ठेवायला उरलं असतं. मी नजर हटवली नाही. शेवटचा पट्टा पुरा झाला आणि बॅटरीत थोडा जीव अजून शिल्लक होता.

अध्यक्षीणबाईंनी मान डोलावली. तेवढ्यात शेजारचा शेतकरी बांध ओलांडून आला. त्याच्याही सोयाबीनवर अळी पडली होती. सवयीनं त्यानं सासऱ्यांनाच विचारलं, "उद्या तुमचं पोरगं मोकळं हाय का?"

सासऱ्यांनी एकदा दिराकडं पाहिलं, एकदा आडव्या फवारलेल्या वावराकडं.

"मोकळं हाय की," ते म्हणाले. "टाकी भरायला धाडतो त्याला. उडवायला सून येईल."

दीर हसला आणि पाण्याचे कॅन उचलू लागला. मला मात्र रडू आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी खाली बसून ड्रोनचे पंखे पुसत राहिले.