लाल दोरा ओरेगानोचा

आमच्या ह्यांनी सव्वीस वर्षं एका इटालियन हॉटेलात सॉस ढवळला, पण घरी कधी कांदा चिरला नाही. "हॉटेलातलं हॉटेलात," हे त्यांचं ठरलेलं. असा माणूस एका रविवारी पाच कुंड्या उचलून आणतो, गॅलरीत मांडतो आणि "घरचा ताजा पाला बरा" म्हणतो, तेव्हाच मला वास आला. संशयी आहे मी, नाकारत नाही. शिवणकाम करते. गिऱ्हाईक सांगतं त्या कमरेवर विश्वास न ठेवता टेप लावते आणि घरातही तशीच वागते.

कुंड्यांत बेझिल, रोझमेरी, थाइम, ओरेगानो आणि मरवा. शेवटची दोन रोपं दिसायला अगदी जुळी. ह्यांनी माझ्या डब्यातले दोरे न विचारता घेतले आणि प्रत्येक कुंडीतल्या काडीला एकेक रंग बांधला. ओरेगानोला लाल, मरव्याला निळा.

त्यात रोज सकाळी प्रत्येकाची एकेक डहाळी खुडायची, रुमालात गुंडाळायची आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंकडे जायचं. विचारलं तर म्हणे, "त्यांना बागेची आवड आहे." त्या बाईंकडे साधा मनीप्लांट नाही! एकदा मी जिन्यात उभी राहून ऐकलं. बाई म्हणत होत्या, "डोळे मिटा. आता ओळखा बरं." या वयात डोळे मिटून काय ओळखायचं असतं?

मग माझ्या मनाने घेतलं, की दोऱ्यांचे रंग म्हणजे दोघांच्या खुणा. भांडायला पुरावा हवा होता. बुधवारी हे अंघोळीला गेले तेव्हा मी लाल आणि निळ्याची अदलाबदल केली. खूण चुकली की चेहरा पडेल, एवढाच बेत.

चेहरा पडला. हे भर दुपारी घरी आले आणि बूटही न काढता गॅलरीत जाऊन बसले. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी सॉस परत पाठवला होता. मालकाने सगळ्यांसमोर चमचा पुढे करून विचारलं, "यात काय घातलंत?" ह्यांनी "ओरेगानो" सांगितलं, तर मालक हसला. उद्या पुन्हा चव बघणार, बिघडलेली निघाली तर परवापासून कांदे सोलायला बसा, असं बजावलं.

हे दोन्ही कुंड्यांतली पानं चुरडून आळीपाळीने नाकाशी नेत होते. मला दारातूनच गोडसर वास आला.

"अहो, हातात मरवा आहे तुमच्या. एवढंही कळत नाही?"

"नाही कळत," हे म्हणाले. "मागे ताप आला होता ना, त्यातून उठल्यापासून मला कसलाच वास येत नाही."

हॉटेलात सगळ्या जुड्या एकत्र येतात. कोणती कुठली हे विचारलं की बिंग फुटणार, म्हणून घरच्या कुंड्यांतला पाला खुडून हॉटेलात न्यायचा, म्हणून दोरे. नर्सबाई रोज डोळे मिटायला लावून वास ओळखायचा सराव करून घेत होत्या.

"मला का नाही सांगितलंत?" मी चिडले, रडूही आलं.

"तुला सांगितलं असतं, तर आधी विचारलं असतंस, ताप कुणाकडून आणलात."

विचारलंच असतं.

मग काडीवरचा दोरा न्याहाळत हे म्हणाले, "काल नर्सबाई कुंड्या बघायला आल्या होत्या. त्यांनीच चुकून दोरे हलवले असतील. तू तर इकडे हातही लावत नाहीस."

घरात माणसं दोन. त्यातल्या एकीच्या हातात दिवसभर दोरा. तरी ह्यांना माझी शंकासुद्धा आली नाही. मला लाज वाटली, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी.

"मीच बदलले," मी म्हटलं. "तुम्हाला पकडायला."

ह्यांनी दोन्ही दोरे सोडून माझ्या हातात ठेवले.

"वास घेऊन तूच बांध. उद्या सॉस ह्याच दोऱ्यांवर करणार आहे."

मी प्रत्येक पान दोनदा चुरडून हुंगलं. लाल दोरा ओरेगानोला बांधला, निळा मरव्याला. दाखवायला मान वर केली, तर हे बूट काढायला आत निघून गेले होते.