दिवेआगर ते शेखाडी: ऐकू न आलेली हाक

समुद्राकाठी तंबू ठोकून राहायचं, हे शैलाच्या डोक्यातून निघालं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली होती आणि घरात दोघंच उरलो होतो. एका रविवारी मी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला निघालो, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "दर रविवारी एकटे जाता. एकदा मला घेऊन कुठेतरी लांब चला. समुद्रावर चला."

ही दोन हजार सालानंतरची, होळीच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट. मी सातपूरच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात फिटर. शैला सरकारी कचेरीत कारकून. दोघांनी तीन दिवसांची सुट्टी जुळवली. एका ट्रेकर मित्राचा दोन माणसांचा तंबू मिळाला. आमची जुनी मारुती होतीच.

वाचणाऱ्याला पुढचं कळावं म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. तेव्हा मला ऐकू कमी येत होतं, आणि हे मी सगळ्यांपासून लपवलं होतं. शैलापासूनसुद्धा.

मी मूळचा सायखेड्याचा. गोदावरीच्या काठावर वाढलो, त्यामुळे पक्षी ओळखायला कुणी शिकवावं लागलं नाही. कारखान्यात वीस वर्षं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरच्या शेजारी काढली. कानात बोळे घालायचो, कधी नाही घालायचो. आधी शिंजीर पक्ष्याचा बारीक आवाज गेला, मग तुतारी पक्ष्याचा. दोन वर्षं मला खरंच वाटत होतं की पक्षी कमी झालेत. मित्रांना तसं ठासून सांगायचोही. एका सकाळी नांदूर मध्यमेश्वरच्या धरणाच्या भिंतीवर शेजारचा माणूस म्हणाला, "काय कलकलाट आहे हो आज!" मी मान हलवली. मला फक्त वारा ऐकू येत होता.

त्या दिवसापासून सोंग सुरू झालं. लोकांच्या ओठांकडे बघायचं, अंदाजानं हसायचं, नाही कळलं तर "हं" म्हणायचं. कानाला मशीन लावलं की कारखान्यात कळणार, मग काम बदलणार, ही भीती होती. त्याहून जास्त लाज होती. शैला म्हणायची, "तुमचं माझ्याकडे लक्षच नसतं." मी तो आरोप गप्प राहून घ्यायचो. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा बेफिकीर म्हणवून घेणं मला सोपं वाटत होतं.

पहिला दिवस

पहाटे पाचला नाशिक सोडलं. कसारा घाट उजाडायच्या आत उतरावा, ट्रकची गर्दी कमी असते. शहापूरला चहा आणि वडापाव. भिवंडी बायपास, पनवेल, पेण करत माणगाव गाठायला दुपार झाली. पेणच्या पुढे रस्ता अरुंद आहे आणि एसटीवाले दमानं घेत नाहीत, तेव्हा घाई करू नका. माणगावला उजवीकडे वळून म्हसळ्याच्या बाजूला लागलं की झाडी दाट होते. सगळं मिळून आठ-नऊ तास धरा. पेट्रोल माणगावलाच भरून घ्या.

वाटेत दोनदा शैला दचकली. "अहो, मागून केव्हाचा हॉर्न देतोय तो!" मी म्हणालो, "देऊ दे, घाई आहे त्याला." ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दिवेआगरला सुरूच्या बनाला लागून एका म्हाताऱ्या जोडप्याची नारळ-सुपारीची वाडी होती. त्यांना विचारून कडेला तंबू लावला. परवानगी जरूर घ्या. पाणीही मिळतं आणि माणसंही मिळतात. काकूंनी तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण आणि सोलकढी वाढली. शैलानं दोनदा भात घेतला.

संध्याकाळी ओल्या वाळूवर चिखल्या पक्ष्यांचा थवा धावत होता. लाट मागे गेली की सगळे पुढे, लाट आली की सगळे मागे. शैलाला मी दुर्बीण दिली.

"ओरडतात का हे?" तिनं विचारलं.

"ओरडतात की," मी म्हणालो. तेव्हा ते ओरडत होते की नव्हते, मला माहीत नव्हतं.

दुसरा दिवस

दिवेआगरहून शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला बिलगून जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, गाड्या तुरळक. हा रस्ता सकाळी करा, ऊन पाठीशी राहतं. आम्हाला दोन ठिकाणी डॉल्फिनच्या पाठी दिसल्या. काळ्या, चकचकीत, आल्या आणि गेल्या. शैला लहान मुलीसारखी बोट दाखवत राहिली.

परत येताना, दुपारी ओहोटी असताना, शेखाडीच्या अलीकडे गाडी कडेला लावली. पाणी मागे सरकलं होतं आणि काळ्या खडकांचं पठार उघडं पडलं होतं. खडकांच्या खळग्यांत शंख, खेकडे, इवलेसे मासे. शैला ते बघत एकीकडे गेली. मला डोंगराच्या बाजूला उंच झाडावर समुद्री गरुड दिसला. पांढरं पोट, राखाडी पाठ. आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मी समुद्राकडे पाठ केली, दुर्बीण डोळ्याला लावली आणि उभा राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. गरुड उडाला, फिरून आला, पुन्हा बसला.

कुणीतरी माझा दंड धरून हिसका दिला. खडकावरचे शिंपले, कालवं, काढणारी एक कोळीण होती. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात लोखंडी पहार. धापा टाकत होती.

"ओ दादा! बायको कवापासून बोंबलतेय तुमची! ऐकू येत नाय काय तुमाला?"

मी वळलो. शैला शंभरेक पावलांवर होती, खडकांच्या टोकाला. कमरेपर्यंत पाण्यात. भरती लागली होती.

धावताना मी दोनदा पडलो. तिचा डावा पाय दोन खडकांच्या फटीत घसरून घोट्यापाशी अडकला होता. लाट आली की ती छातीपर्यंत भिजत होती. तिचं तोंड उघडं होतं, ती काहीतरी बोलत होती, आणि लाटांच्या गडगडाटात मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. कोळणीनं पहार फटीत घातली. "दाबा!" असं ती म्हणाली असावी, कारण तिनं माझे हात पहारीवर ठेवले. मी सगळं अंग टाकलं. दगड बोटभर हलला. तिनं शैलाला काखेत धरून ओढलं. पाय सुटला तेव्हा सालटं निघालं होतं आणि पाण्यात रक्त दिसत होतं.

त्या बाईंचं नाव यमुनाताई. घर रस्त्यापलीकडेच होतं. त्यांनी शैलाला कोरडं लुगडं दिलं, पायाला हळद गरम करून बांधली, चहा ठेवला. शैला भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर.

"किती हाका मारल्या मी," ती म्हणाली. आता समोर होती, ओठ दिसत होते. "नावानं हाका मारल्या. कधी मारत नाही तशा. ऐकू नाही आल्या?"

"लाटांचा आवाज..." मी सुरुवात केली.

"मी त्या टोकाला व्हते," यमुनाताई म्हणाल्या. "तुमच्याहून लांब. मला तं आल्या."

खोटं अजूनही पुढे रेटता आलं असतं. वारा होता, गरुडात लक्ष होतं, काहीही. पण शैलाच्या पायाखालच्या फडक्यावर हळदीचा आणि रक्ताचा डाग पसरत होता.

"मला ऐकू येत नाही, शैला," मी म्हणालो. "उजव्या कानानं जवळजवळ काहीच नाही. डाव्यानं थोडं."

शैलानं लुगड्याचा पदर अंगाभोवती घट्ट ओढला. रडली नाही. यमुनाताई उठून चुलीकडे गेल्या. चहा निवला. त्यानंतर झोपेपर्यंत शैला माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाय दाखवायला परत श्रीवर्धनला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हाड मोडलं नसल्याचं सांगितलं, तेव्हाही तिनं मान हलवली ती फक्त त्यांच्याकडे बघून.

तिसरा दिवस

जवळच्या एका गावात समुद्री कासवांची अंडी जपतात, असं वाडीच्या काकांनी सांगितलं होतं. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घालून अंडी वाळूत पुरतात, वर टोपल्या पालथ्या घालतात. पिल्लं निघाली की सकाळी सोडतात. मला वाटलं, शैला यायची नाही. पण उजाडताना ती तंबूबाहेर बसलेली दिसली, चपला घालून. माझ्या खांद्यावर भार देत लंगडत आली.

दहा-बाराच माणसं होती. गावातल्या एकानं टोपली उचलली. खाली काळी, तळहातात मावतील अशी पिल्लं वळवळत होती. ती त्यानं वाळूवर ठेवली आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. कुणी बोलेना. पिल्लं पाण्याच्या दिशेनं निघाली. थांबत, वाट चुकत, पुन्हा वळत. त्यांना आवाज नसतोच. तिथे उभ्या असलेल्या कुणालाही त्यांचं माझ्याहून जास्त काही ऐकायला मिळत नव्हतं. तीन वर्षांत मी असा निर्धास्त कुठे उभा राहिलो नव्हतो.

शेवटचं पिल्लू लाटेनं उचलून नेलं. माणसं पांगली. शैलानं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

"किती वर्षं?"

"तीन."

"तीन वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय." आता तिचे डोळे भरले. "रात्री विचार करायचे, माझं काय चुकलं. मुलीलाही विचारलं मी. लाज सोडून पोटच्या पोरीला विचारलं."

खडकातून तिचा पाय निघाला होता. मी मात्र तिला तीन वर्षं या संशयात अडकवून ठेवलं होतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "आत्ता नका मागू. आत्ता मी नाही देणार."

परतीला तिचा पाय सुजलेला, गाडी मीच चालवली. ती शेजारी बसून रस्ता ऐकत होती. मागून हॉर्न आला की माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची, गाडी पुढे गेली की काढायची. पेणपासून कसाऱ्यापर्यंत असंच. घाटात ट्रकच्या रांगेत तिचा हात बराच वेळ तिथेच राहिला.

घरी

कोणाला जायचं असेल, तर जानेवारी ते मार्च चांगला. खडकांवर उतरण्याआधी भरती कधी लागणार हे तिथल्या माणसांना विचारा, आणि दोघांनी एकमेकांच्या नजरेआड जाऊ नका.

नाशिकला आल्यावर शैलाच मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासणीत निघायचं तेच निघालं. मशीननं बोलणं बरंचसं कळतं. बारीक आवाज मात्र परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कारखान्यात मी स्वतः जाऊन सांगितलं. माझी स्टोअरमध्ये बदली केली. दोन-चार दिवस लोक मुद्दाम मोठ्यानं बोलले, मग विसरले. तीन वर्षं ज्याला भ्यालो, ते इतकंच होतं.

शैलाचा राग गेला म्हणालो तर ते खोटं होईल. थंडीत घोटा दुखतो, तेव्हा ती गप्प होते आणि मला कारण माहीत असतं. माफी तिनं शब्दांत कधी दिली नाही, मीही पुन्हा मागितली नाही. पण पूर्वी स्वयंपाकघरातून पाठमोरी बोलायची, ती आता हातातलं काम ठेवून समोर येते. मी तिच्याकडे बघेपर्यंत थांबते, आणि मगच बोलते. मीठ संपलंय एवढंच सांगायचं असलं तरी. त्याआधीच्या एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे इतकं कधी पाहिलं नव्हतं.