उसनं रडू

सामोआतल्या आमच्या गावात मगर नाही, विषारी साप नाही आणि हिवतापही नाही. देवाने बाकी सगळं सढळ हाताने दिलं, धोका तेवढा द्यायचा राहून गेला. त्यामुळे फुआतिना पापुआतल्या नदीकाठी वर्षभर सेवाकार्य करून परत आली, तेव्हा या तिन्ही गोष्टी गावात पहिल्यांदाच आल्या आणि त्या तिन्हींची एकटी मालकीण म्हणून तिना रातोरात मोठी बाई झाली.

हे सिलियाला कधीच पचलं नाही.

सिलिया तिनाची मावसबहीण, तिच्याहून थोडीशीच मोठी. दोघी एकाच घरात, एकाच चटईवर लोळून वाढल्या. केवड्याच्या पानांची चटई विणावी तर सिलियाने. तिनाच्या चटईतून कोंबडीचं पिल्लू आरपार जातं, हे गावात कुणीही शपथेवर सांगेल. मंडळीच्या गायनात वरचा सूर सिलियाचा. तापल्या दगडांवर नीरफणस भाजावा तर तोही तिनेच. पण या कशाचीच साक्ष देता येत नाही. मंडळीपुढे उभं राहून "देवाने माझा नीरफणस करपू दिला नाही" असं कोण सांगणार? सिलियाने पाच मुलं वाढवली, सासूचं केलं, सासऱ्याचं केलं. तिनाचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही. म्हणून पापुआला कुणीतरी जायचं ठरलं तेव्हा पाळकसाहेबांनी तिला विचारलं आणि ती गेली. सिलियाच्या मते ती गेली यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते तिचं परत येणं, आणि ते तिने अजूनही थांबवलेलं नव्हतं. दरवर्षी सेवाकार्याच्या रविवारी ती नव्याने परत येत असे.

पांढरी टोपी घालून तिना उभी राहायची आणि मगर निघायची. पहिल्या वर्षी मगर होडीच्या निम्मी होती. पुढे ती चांगली पोसली आणि आता होडीपेक्षा हातभर लांब झाली होती. मग हिवताप. आणि शेवटी डोळे मिटून तिना म्हणायची, "पण बंधूंनो, भगिनींनो, वर्षभरात एक दिवस माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही." यावर सगळी मंडळी "आमेन" म्हणायची. सिलियाही म्हणायची, पण दातांतून.

तिनाच्या हिवतापाला आणखी एक चांगली सवय होती. महिलामंडळाचं अंगण झाडायचं असलं, सामुदायिक चटया विणायच्या असल्या, की तो नेमका उलटायचा. बायका तिला शाल पांघरून बसवायच्या आणि तिच्या वाटची पानं सिलियापुढे सरकवायच्या.

उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या घरी जेवण असे. सेवाकार्य करून आलेल्याचा मान गावच्या वडीलधाऱ्यांच्या ओळीत. तिना तिथे बसायची आणि सिलिया समोर बसून बहिणीच्या ताटावरच्या माश्या वारायची. दहा-बारा वर्षं वारल्या. सिलियाचा नवरा एनोसा मूळचा गमत्या. एकदा तो म्हणाला, "एखादी बसू दे की माशी."

"बसायला ताटात काही उरायला नको का?" सिलिया म्हणाली.

धाकटीचं लग्न झालं, सासरे देवाघरी गेले, आणि त्या वर्षीच्या सभेत पाळकसाहेबांनी विचारलं की पापुआला तीन महिने कोण जाईल. सिलियाने हात वर केला. एनोसाला वाटलं, ती पंखा मागतेय. तो शोधायलाही लागला.

निघायच्या आदल्या दिवशी तिना समजूत घालायला आली. ती दयेने बोलली, आणि सिलियाला ती दयाच सर्वांत जास्त लागली. तिथे माणूस आतून मोडतं, ती म्हणाली, संध्याकाळ झाली की घर आठवतं आणि छातीत गोळा येतो. मी म्हणून टिकले.

"मग मी काय खापराची आहे?" सिलियाने विचारलं.

"तसं नाही गं ताई. तुला झेपेल का, एवढंच."

सिलिया पापुआला गेली ती काहीतरी भोगूनच यायचं, या निश्चयाने.

पण तिला काही म्हणता काही झालं नाही. बरोबरच्या दोन्ही ऑस्ट्रेलियन पोरी पहिल्या पंधरवड्यातच तापाने फणफणल्या, त्यातल्या एकीला विमानाने न्यावं लागलं. सिलियाला डासांनी जणू वाळीत टाकलं होतं. मच्छरदाणी एका बाजूने उघडी ठेवून पाहिली, तरी सकाळी ठणठणीत. मगरीच्या आशेने ती रोज नदीवर धुणं घेऊन जायची. महिन्याभराने एक दिसली, तीही पैलतीरावर, जबडा उघडा टाकून झोपलेली आणि एनोसाच्या मानाने किरकोळ. एकदा नदीला लोंढा आला आणि पलीकडच्या वस्तीला निघालेली होडी उलटली. सगळे रात्रभर वाळूच्या बेटावर देवाचा धावा करत बसले. सिलिया त्या होडीत असायची होती. पण त्या दिवशी तिच्या शिवणवर्गातल्या बायका तिला जाळीची पिशवी विणायला शिकवत होत्या आणि ती हट्टाने मागे राहिली. दुसऱ्या दिवशी सुटून आलेली माणसं थरथरत सगळं सांगायला लागली, तेव्हा सिलियाने त्यांना गरम पेज करून वाढली आणि आपल्या नशिबाला बोल लावला.

आणखी एक गोष्ट होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. सिलिया तिथे फार सुखात होती.

सकाळी उठलं की तिला कुणी हाक मारत नव्हतं. कुणाचा सदरा सापडत नसला तर तो शोधायची जबाबदारी तिची नव्हती. बायका तिला साबुदाण्याच्या पिठाच्या भाकऱ्या भाजून आयत्या हातावर ठेवायच्या. ती त्यांना यंत्रावर शिवण शिकवायची, त्या तिला पिशवी शिकवायच्या. तिची पिशवी बिघडली की सगळ्या मिळून हसायच्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न येण्याची चैन तिला कळली. रात्री ती ओंडक्यासारखी झोपायची. एनोसाची आठवण यायची, नाही असं नाही. पण ती जेवणानंतर यायची, आणि जेवण चांगलं जायचं. तीन महिन्यांत तिला कपडे घट्ट झाले.

निघायला आठवडा राहिला तेव्हा माइरीआजी, म्हणजे ज्यांच्या घरात ती राहत होती त्या म्हातारबाई, पिशवी विणता विणता तिनाची चौकशी करू लागल्या. रडते का अजून, त्यांनी विचारलं.

सिलियाचा हात थांबला. "कोण रडते?"

म्हातारीने साधेपणाने सगळं सांगितलं. तुझी बहीण रोज संध्याकाळी नदीकडे तोंड करून बसायची आणि रडायची, वर्षभर. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, आज हिने बसायचं, उद्या तिने. एकदा रडत रडत ती अंधारात पाण्यात शिरली होती. तेव्हापासून आम्ही कुणाचं तरी झोपलेलं मूल तिच्या मांडीवर ठेवायचो. मूल उठेल म्हणून ती हलायची नाही, मग आम्ही गात बसायचो.

सिलियाने ऐकलं. खरं सांगायचं तर तिला आधी वाईट वाटलं. पण ते फार टिकलं नाही. परतीच्या विमानात तिने तो खजिना कितीदा बाहेर काढून पाहिला आणि पुसून परत ठेवला. टिपूस आलं नाही काय? बघतेच. माइरीआजींना मात्र तिने वचन दिलं होतं, पुढच्या वर्षी येते, अख्ख्या वर्षासाठी येते. पाळकसाहेब पुढचं नाव सेवाकार्याच्या रविवारीच ठरवणार होते. साक्ष चांगली झाली की नाव तिचंच, याबद्दल तिला शंका नव्हती.

आदल्या शनिवारी तिना घरी आली, नारळ खवायला म्हणून. तिने निम्मा नारळ खवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "माइरीआजी आहेत का गं अजून?"

"आहेत की. सारखी तुझीच आठवण काढतात."

"काय म्हणतात?"

"सगळंच म्हणतात," सिलिया म्हणाली. तिनाने उरलेला नारळ न खवताच ठेवला आणि घरी गेली. त्या दिवशी सिलियाचा नीरफणस करपला, पण ती गुणगुणत होती.

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. तिना पुढच्या बाकावर टोपी खाली ओढून, रुमालाने घाम पुसत बसलेली. सिलिया उभी राहिली. नदी सांगून झाली, शिवणवर्ग सांगून झाला. मंडळी अजून थंडच होती. मगर नाही, ताप नाही, पुढच्या रांगेतल्या एका वडीलधाऱ्यांनी तर जांभई दिली. मग सिलियाने दम घेतला.

"त्या नदीवर," ती म्हणाली, "रोज संध्याकाळी एक सामोअन बाई बसून रडायची."

जांभई अर्ध्यावर थांबली. तिनाचा रुमालही थांबला. सिलियाने बारकाईने सांगितलं: नदीकडे केलेलं तोंड, गावच्या बायकांच्या पाळ्या, मांडीवरचं परक्याचं मूल. आता फक्त नाव घ्यायचं राहिलं होतं. इतकी वर्षं चावलेला "आमेन" तिच्या जिभेवर आला होता.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून हुंदका ऐकू आला. एनोसा होता. एवढा दांडगा पुरुष, गावच्या जत्रेत डुक्कर खांद्यावर टाकून नेणारा, तोंडावर हात धरून रडत होता. आपली बायको परमुलखात आपल्यासाठी रोज रडली, हे त्याला आजच कळलं होतं. शेजारचे त्याची पाठ थोपटत होते.

सिलियाने तिनाकडे पाहिलं. मग एनोसाकडे. ती बाई मी नव्हे, मी ओंडक्यासारखी झोपत होते आणि भाकऱ्या खात होते, हे त्या चेहऱ्याला सांगायचं कसं?

"ती मी," सिलिया म्हणाली.

आमच्या देवळात असा रडण्याचा सोहळा पूर्वी झाला नव्हता. गायनमंडळाचं गाणं दुसऱ्या ओळीला बुडालं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून झग्याला पुसला. म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या की मगर कुणालाही भेटते, पण असं उभं राहून रडल्याचं कबूल करायला छाती लागते. जेवणाला सिलियाला वडीलधाऱ्यांच्या ओळीत बसवलं, डुकराच्या पाठीचं मानाचं मांस तिच्या पानात पडलं, आणि समोर वारा घालायला तिना.  नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांची पालुसामी पुढे सरकवताना ती ओठ न हलवता म्हणाली, "ताई, ते रडणं माझं होतं."

"उठ मग, माग परत."

"इतकी वर्षं पोटात ठेवलं मी ते. आणि तू एका सकाळी..." तिनाचे डोळे भरून आले, आणि सिलियाने ते डोळे ओळखले. असले जळके डोळे तिला आरशात रोज भेटत होते. दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा तिला पाळकसाहेबांकडचं जेवण गोड लागलं.

पण ते शेवटच्या घासापर्यंतच. कारण पाळकसाहेबांनी पुढच्या वर्षाचा विषय काढला आणि सिलिया उठायच्या आत एनोसा उठला. तो म्हणाला, पाळकसाहेब, माझं एवढं ऐका. माझ्या बायकोने तीन महिने रडून काढले. ती तोंडाने जाते म्हणेल, तिचा स्वभावच तसा. पण आता मी तिला गावाच्या वेशीबाहेर पाठवणार नाही.

सगळे माना डोलवत होते. सिलिया म्हणाली, मी अगदी आनंदाने जाईन. म्हाताऱ्यांनी पुन्हा डोळे टिपले. काय ही त्यागी बाई. तिने सांगितलं की तिथे तसं फार वाईट नव्हतं. एनोसाने तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "बास, सिलिया. आता लपवू नकोस."

"मी जाते," वारा घालणारी तिना म्हणाली. ती हे बोलली ते निव्वळ जळफळाटाने, सिलियापेक्षा वरचढ काहीतरी बोलायचं म्हणून. पुढच्याच क्षणी तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण पाळकसाहेबांनी तोवर हात वर करून प्रार्थना सुरू केली होती.

तिना निघाली त्या सकाळी सगळं गाव बसजवळ जमलं होतं. गळ्यात हार, भोवती गायनमंडळ. सिलियाने तिची पेटी स्वतः भरली होती. शिवणाचा दोरा कुठला न्यायचा, कुठल्या बायकांना आधी भेटायचं, पिशवीची तिसरी गाठ कशी घालायची, सगळं सांगत भरली होती.  माइरीआजींसाठी विणलेली चटई तेवढी शेवटपर्यंत हातात धरून बसली, आणि बसचा भोंगा वाजला तेव्हा तिने ती तिनाच्या छातीवर आदळल्यासारखी दिली.

तिना हुंदके देत होती. तिला नदीकाठच्या संध्याकाळी आतापासूनच दिसत होत्या. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि सिलियाही मोठमोठ्याने रडायला लागली. असं रडू तिला कुठल्याच नदीवर आलं नव्हतं. बायका म्हणाल्या, सख्ख्या बहिणी करणार नाहीत असं प्रेम. एनोसाने तोंड फिरवलं.

"तुला काय झालं रडायला?" तिनाने तिच्या कानात विचारलं. "तू तर घरीच राहणार आहेस."

"म्हणूनच," सिलिया म्हणाली. "जळतेय मी. तू रड तुझं."