सुभेदारांची पाचवी गोळी

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, साल १९५५, वेळ सकाळची. ठिकाण आंबिवलीच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी असलेले चांदमारीचे मैदान. हजर: रायफल क्लबचे सभासद असलेले एक डॉक्टर आणि एक वकील, क्लबचे नेमबाजी शिक्षक म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, मुंबईच्या बंदुकांच्या दुकानाचा विक्रेता, आमच्या कल्याण पोलीस स्टेशनचे हवालदार, आणि तिथला फौजदार म्हणून मी. इतकी वर्षे झाली, पण त्या सकाळचा गवताचा वाससुद्धा माझ्या लक्षात आहे.

क्लब नवा होता आणि सगळ्यांच्या अंगात उत्साह संचारला होता. पन्नास यार्डांवरच्या कागदी निशाणावर नेमबाजी शिकवण्यासाठी एक अर्धस्वयंचलित रायफल घ्यायची होती. अशा रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागत नाही. घोडा एकदा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. परवान्यासाठी पोलिसांचा अभिप्राय लागणार होता, म्हणून निवडीत मीही होतो. मी घरून यादी करून नेली होती. घोडा दर वेळी सारख्याच दाबाला सुटतो का? कुठल्याही बनावटीचे काडतूस अडकल्याशिवाय चढते का? सुटे भाग मुंबईत मिळतात का? साफ करायला सोपी आहे का? हा शेवटचा प्रश्न मी यादीत अगदी तळाला लिहिला होता.

विक्रेत्याने दोन रायफली पाठवल्या होत्या. एक आखूड आणि साधी. दुसरी लांब नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची, इतकी देखणी की वकीलसाहेब तिच्यावरून नजर काढेनात. दोन्ही आठवडाभर आमच्या स्टेशनच्या शस्त्रकोठडीत जमा होत्या. मी स्वतः त्या आठवड्यात दसऱ्याच्या बंदोबस्तासाठी ठाण्याला होतो.

आखूड रायफलीची मालिका झाली. निशाण ठीक होते. मग सुभेदार लांब नळीची रायफल घेऊन ताडपत्रीवर पालथे झाले. त्यांनी पाच काडतुसे भरली. विक्रेता म्हणाला, "सुभेदार, जरा वेग दाखवा. हिची मजा वेगातच आहे."

"मजा संध्याकाळी," सुभेदार नेम न सोडता म्हणाले. "आत्ता चाचणी."

प्रत्येक गोळीनंतर ते आकडा मोठ्याने म्हणत होते. पहिल्या दोन गोळ्या काळ्या वर्तुळाच्या ऐन मध्यात लागल्या. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून टाळी वाजवली. तिसरी सुटली, "तीन" असा आवाज आला, आणि लगेच टेकडीवरून किंकाळी ऐकू आली.

आम्ही धावलो. निशाणामागच्या मातीच्या बंधाऱ्याच्या बऱ्याच वर, उतारावर एक गवत कापणारा बसला होता. खालच्या आगरी पाड्यातला तो माणूस. गोळी दंडाला चाटून गेली होती. डॉक्टरांनी तिथेच पट्टी बांधली. जीव वाचला होता, पण चार बोटे इकडेतिकडे झाली असती तर आम्ही प्रेत उचलले असते.

"दोन आवाज झाले, साएब," तो मला म्हणाला. "पयला तिकरं गेला, दुसरा माजे दंडाला."

वकीलसाहेबांचे म्हणणे, एकच आवाज झाला, दुसरा टेकडीचा प्रतिध्वनी. डॉक्टरांची खात्री नव्हती. पण ताडपत्रीवर चार रिकाम्या पुंगळ्या होत्या आणि रायफलीत एकच काडतूस उरले होते. म्हणजे सुभेदारांनी तीन मोजल्या आणि सुटल्या चार.

"मी घोडा एकदाच दाबला," सुभेदार म्हणाले. नोकरीत मी हे वाक्य अनेकांच्या तोंडून ऐकले होते. ज्याच्या हातून चुकून गोळी सुटते तो प्रत्येकजण हेच म्हणतो. मी रायफल सीलबंद केली, पंचनामा केला आणि निष्काळजीपणाने इजा केल्याचा गुन्हा नोंदवला. तो शाबित झाला असता तर सुभेदारांचा परवाना जाणार होता, शिक्षकाची जागा जाणार होती, आणि ज्या माणसाने लढाईत कधी गोळी वाया घालवली नाही त्याच्या नावाला एका गवतवाल्याचे रक्त लागणार होते.

दोन दिवसांनी पोलीस मैदानावर आम्ही त्याच रायफलीतून वीस गोळ्या वाळूत झाडून पाहिल्या. प्रत्येक दाबाला एकच गोळी. सुभेदार बाजूला उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

त्याच दिवशी माझा एक खबऱ्या आला. एरवी तो हातभट्ट्यांच्या खबरा आणायचा, पण बाजारात चाललेली चर्चा त्याच्या कानावर आली होती.

"साहेब, शनिवारी स्टेशनसमोरच्या हॉटेलात तो मुंबईवाला आणि सुभेदार बसलेले. खूप हसत होते. मुंबईवाल्यानं सुभेदाराला एक पुडी दिली. मी डोळ्यानं बघितलंय."

मी खुर्चीवरून उठलोच. विक्रेते मालाला उठाव यावा म्हणून कधीकधी घोड्याचा खटका घासून हलका करतात, हे मला ठाऊक होते. घोडा लोण्यासारखा दबतो, गिऱ्हाईक खूश होते, आणि एखाद्या वेळी खटका धरतच नाही, एका दाबात दोन गोळ्या सुटतात. दोघांनी संगनमताने हेच केले असेल तर? मी दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याला मुंबईहून बोलावून घेतले आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले.

आधी सुभेदार. "पुडीत काय होते?"

"पेचकस. त्या लांब रायफलीचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत. मला ती झाडण्याआधी उघडून बघायची होती."

"मग उघडली का नाही?"

"वकीलसाहेब म्हणाले, ऊन चढतंय, आटपा."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" सुभेदार शांतपणे म्हणाले. "तुम्ही मला फक्त एवढंच विचारलं की घोडा किती वेळा दाबला."

विक्रेत्यानेही पेचकसाचेच सांगितले. रायफलीबद्दल मात्र तो चिडला होता. "साहेब, माझा माल खराब नाही. मी दिली तेव्हा तिला तेलाचा वास येत होता. रविवारी तुमच्या हवालदारांनी खोक्यातून काढली तेव्हा चंदनाचा आला. मला वाटलं, पोलिसांकडे ठेवलं की हत्यारसुद्धा सोवळं होतं."

चंदनाचा. मी तसाच बाहेर आलो. हवालदार पहारा बदलत होते. मोठे भाविक गृहस्थ, आणि शस्त्रकोठडीची किल्ली त्यांच्याकडेच असे.

"हवालदार, खंडेनवमीला पूजेला काय काय मांडलं होतं?"

"सगळं, साहेब. मस्केटं, तलवार, बेड्या, लाठ्या. आणि ती मुंबईची पाहुणी."

"पाहुणी म्हणजे?"

"लांब नळीची. एवढं देखणं हत्यार आपल्या दारात आलंय आणि पूजेला नको? आखूडचं खोकं कुलूपबंद होतं, नाहीतर तिलाही बसवली असती."

"गंध कुठं लावलं?"

"दस्त्याला लावलं." हवालदार थोडे घुटमळले, मग अभिमानाने म्हणाले, "आणि बोल्ट मागं ओढून आत गंधाक्षता टाकल्या, साहेब. कपाळाला लावून काय उपयोग? हत्याराचा जीव पोटात असतो."

पंच बोलावले. सुभेदारांचाच पेचकस घेतला. रायफल टेबलावर उघडली आणि आम्ही सगळे वाकलो. घोड्याचा खटका जिथे अडकतो त्या खाचेत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा अर्धा दाणा चिकटला होता. भोवती वाळलेल्या गंधाचा थर. खटक्याला नीट धरायला जागाच नव्हती. दाणा जरा सरकला की खटका धरायचा, नेमका आड आला की सुटायचा. आमच्या वीस गोळ्यांच्या वेळी तो आड आलाच नव्हता.

एवढ्यावर मी थांबलो नाही. रायफल साफ करून पुन्हा वाळूत झाडली, एकदाही चुकली नाही. मग त्याच जागी तसाच दाणा बसवला आणि दर खेपेला दोनच काडतुसे भरली. सुभेदारांच्या हाती द्यायची नाही म्हणून मी स्वतः झाडली. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला नाही. तिसऱ्या खेपेला मी घोडा एकदाच दाबला आणि लागोपाठ दोन बार झाले.

सुभेदार माझ्याकडे बघत होते. "किती वेळा दाबलात, फौजदारसाहेब?" ते म्हणाले. सगळ्यांत आधी हवालदारच हसले, मग त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, माझी हवालदारकीची फीत जाईल," ते रात्रपाळीची यादी हातात चुरगाळत म्हणाले.

"फीत राहील की जाईल ते वरचे ठरवतील," मी म्हणालो. "पण दाणा अहवालात जाणार."

जिल्ह्याच्या साहेबांकडे मी दोन पानी अहवाल पाठवला. आमच्याच कोठडीत, आमच्याच पूजेत हे घडले असे स्पष्ट लिहिले. कोर्टात सी समरी गेली. गुन्हा खोटा नाही आणि खराही नाही, वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दाखल झाला, असा तिचा अर्थ. सुभेदार सुटले. हवालदारांना ताकीद मिळाली, फीत राहिली. पुढच्या खंडेनवमीपासून स्टेशनात नियम झाला: पूजा बाहेरून करायची आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक हत्यार उघडून, पुसून, तपासून ठेवायचे. तो नियम पाळण्यात हवालदारांइतका कडक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

क्लबने आखूड रायफल घेतली. लांब नळीची तिच्यापेक्षा नक्कीच सरस मारत होती, हे सगळ्यांनी पाहिले होते. पण आखूड रायफल एका नाण्याने उघडायची आणि कोणीही सभासद दोन मिनिटांत तिचे पोट बघू शकायचा. तेव्हापासून मला कोणी विचारले की निशाणबाजीसाठी कुठली रायफल घेऊ, तर मी यादीतला तळचा प्रश्न वर आणतो. जी सहज उघडता येते ती घ्या. ती तुमच्या हातात येण्याआधी किती हातांतून गेली आणि त्या प्रत्येक हाताला तिच्याबद्दल किती प्रेम होते, हे तुम्हाला कधीच कळत नाही. माणसांचेही असेच. मी सुभेदारांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत बसलो आणि उत्तर त्यांच्या खिशात होते.

एक काम मात्र राहिले. त्या दिवशी सुभेदारांची मालिका चार गोळ्यांवर थांबली. क्लबच्या तक्त्यावर पाचवी जागा रिकामीच आहे. नव्या रायफलीतून ती केव्हाही भरता आली असती, पण सुभेदारांनी हट्ट धरला की तो गवतवाला शेजारी बसून 'मारा' म्हणेल तेव्हाच मी ती झाडीन. दरवर्षी दसऱ्याला ते आपट्याची पाने घेऊन त्याच्या घरी जातात. तो आदराने बसवतो.

"सुभेदार, सोनं घेतू, चा पिऊ," तो म्हणतो. "पन तिकरं मी येनार नाय."

यंदा मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे. तसे वहीत लिहून ठेवले आहे: गवतवाल्याला चांदमारीवर नेणे, पाचवी गोळी. त्यापुढची खूण अजून करायची आहे.