खेळपट्टीवाल्यांचं खुरपं

आमचे शेजारी मैदानावर क्रिकेटच्या खेळपट्टीवर रोलर फिरवायचे. सायकलच्या कॅरियरला मात्र कायम खुरपं. चहाला बोलावलं, तरी आधी झाडाच्या आळ्यापाशी बसायचे.

त्या मे महिन्यात रोज बादलीभर पाणी घालूनही माझं संत्र्याचं रोप सुकत चाललं होतं. त्यांनी बादलीच काढून घेतली.

"काहून ओतून राहिला गा? मातीवर पापडी धरली. पानी वरूनच वाहून चाललं."

त्यांनी आळं खुरपून भुसभुशीत केलं. पाव बादली झटकन मुरली. वर त्यांनी कोरडी माती भुरभुरली. "आता उनाले खालची ओल सापडत नाई."

पंधरवड्यात पालवी फुटली. मी विचारलं, "मग मैदानावर माती का दाबता?"

"ते पोटासाठी. दिवसभर मातीचं तोंड बंद करतो. सकाळी कोनाच्या तरी अंगनात उघडून देतो."