खिडकीजवळचं टेबल

जेवण संपलं तेव्हा मी दोन्ही ताटं एकावर एक ठेवली. वर वाट्या, वाट्यांत काटे-चमचे. मग ग्लासातल्या पाण्यात बोटं बुडवली, टेबलावर चार थेंब शिंपडले आणि तळहाताच्या कडेनं लांबून जवळ असं पुसत आणलं. टेबलावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड होतं. कापडावर पाणी शिंपडून कोणी पुसत नाही. मी पुसलं.

समोर बसलेला हॉटेलचा मालक बोलता बोलता थांबला. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग हसला.

“अगे, सोनीची पोर का तू?”

त्याआधी पाऊण तास मी ‘मुंबईच्या बाई’ होते.

वेटर ताटं उचलायला पुढे आला होता. मालक त्याला तमिळमध्ये म्हणाला, राहू दे, तीच नेईल. मग मला, आमच्या तंजावरी मराठीत, अगदी प्रेमानं, “मोरी आत उजवीकडे आहे. जा. तुज काय सांगणं.”

आणि मी उठले. ताटं हातात घेऊन. हे लपवण्यासारखं आहे म्हणूनच आधी लिहिते. मी चार पावलं चालले.

सोनी माझी आई. तंजावरात राजवाड्यामागच्या एका गल्लीत मराठी बोलणाऱ्या एका जमीनदार घरात ती पंचवीस वर्षं पानं उचलत होती. पानं म्हणजे केळीची, जेवून झालेली. तमिळमध्ये त्याला एच्चिल म्हणतात, उष्टं. त्या घरात श्राद्ध असो, बारसं असो, लग्न असो, मधल्या चौकात पंगत बसायची. पंगत उठली की मागल्या दारानं आई आत यायची, पानं उचलायची आणि मागल्या दारानंच बाहेर जायची. तिच्या मागून मी. पाणी शिंपडायचं आणि पुसत यायचं, लांबून जवळ. ते माझं काम. सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात जे उरेल ते आम्हाला मागल्या पायरीवर मिळायचं. पानावरचं नाही, भांड्यातलं. हा त्या घराचा मोठेपणा होता आणि तो ते आम्हाला दर वेळी ऐकवायचे.

त्या घरातल्या माणसांना एक गोष्ट सांगायला फार आवडे. “आमचे पूर्वज महाराष्ट्रातून फौजेबरोबर आले.” आमचेही आले. फौजेत भांडी कोणी घासली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. घोड्यावर बसून आलेले सगळे, चालत आलेलं कोणी नाही. इतके स्वार आणि घोडा धरणारा एकही मोतद्दार नाही, अशी फौज जगात फक्त तंजावरच्या दिवाणखान्यांत सापडते.

मी आठ वर्षांची असताना एकदा पंगत मांडलेली होती. पानं धुऊन ठेवलेली, वाढप सुरू व्हायचं होतं. शेवटच्या पानाशी कोणी नव्हतं. मी जाऊन बसले. खेळ म्हणून. घरातल्या काकूंनी पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत, मारलं नाही. त्यांनी ती अख्खी रांग काढायला लावली. वीस-बावीस कोरी पानं. त्यांवर मिठाचा कणही पडला नव्हता. आईनं ती सगळी उचलली आणि गाईपुढे टाकली. नवी रांग मांडली गेली. चौकाच्या खांबाला टेकून घरचा थोरला मुलगा उभा होता, कॉलेजात जाणारा. तो हसत होता. तोच हा हॉटेलचा मालक. गावात आता त्याला सगळे राव म्हणतात.

शाळेच्या शिष्यवृत्तीवर मी मद्रासच्या वसतिगृहात गेले, तिथून नोकरीसाठी मुंबईला. घरात आम्ही मराठी बोलायचो, लिहायचो तमिळ. देवनागरी मी मुंबईत शिकले. एका मराठी दैनिकात उद्योगाच्या पानावर लागले. बाजार खुले होत होते. दर महिन्याला कुठे ना कुठे नवा कारखाना, नवं हॉटेल, नवं दुकान उघडायचं आणि मला पाठवलं जायचं. एकटीला.

बाहेरगावी एकट्या बाईनं जेवायचं कुठे, हा प्रश्न होता. खाणावळीत गेलं की शेजारचा विचारी, कुठल्या? तंजावर म्हटलं की पुढचा प्रश्न, म्हणजे राजघराण्यातल्या का? नाही म्हटलं की, मग कोणाच्या? माझ्या गावाकडच्या ओळखीवर एका सहकाऱ्याच्या नातेवाइकांनी मला जेवायला बोलावलं. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा माझं भांडं वेगळं होतं. मधल्या काळात कोणीतरी गावी पत्र लिहून विचारलं असावं.

मग मला इटालियन हॉटेलं सापडली. बंगळूर, दिल्ली, मद्रास, सगळीकडे नवी नवी निघत होती. दारात एकच प्रश्न, “किती जण?” “एक.” कुठेतरी खांबाआड बसवत, पण बसवत. कोणाच्या, हे कोणी विचारत नसे. पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या टेबलावर एक मोठा अधिकारी सहकुटुंब बसला होता. शेवया काट्याला गुंडाळायच्या की कापायच्या, हे त्याला कळत नव्हतं. बायको त्याच्याकडे पाहत होती, तो वेटरकडे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याभोवतीचे सगळे माझ्याइतकेच अडाणी होते. या अन्नाला कोणाच्याही आज्यानं हात लावला नव्हता. मला ते फार आवडलं. चव नाही, हे.

निघताना मी दर वेळी ताटं एकावर एक ठेवायचे, टेबल पुसायचे. वेटर म्हणत, राहू द्या बाई. मला वाटे, हे माझे संस्कार. आपण कोणाला त्रास देत नाही. दहा वर्षं मला तसंच वाटत होतं.

तंजावरची बातमी संपादकांनीच आणली. तमिळ मुलखात मराठी माणसानं परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेल काढलंय, त्यात इटालियन जेवण. “तुझंच गाव ना? जा.” मालकाचं नाव मी वाचलं. जायला नको म्हणू शकले असते. म्हटलं नाही. मला त्याच्यासमोर बसून जेवायचं होतं. एवढंच. ओळख द्यायची नव्हती, काही सुनावायचं नव्हतं. त्याच्या घरात ज्या पानाशी बसू दिलं नाही, त्या पानाशी एकदा बसून उठायचं होतं.

हॉटेल तिरुवैयारूच्या रस्त्याला होतं. तंजावरचं मोठं देऊळ पाहायला येणाऱ्या परदेशी लोकांच्या बसगाड्या तिथे थांबत. इटालियन दालनात प्लास्टिकची द्राक्षं टांगलेली, भिंतीवर एका कालव्याचं चित्र. रावांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. हे खास टेबल, म्हणाले. शेवया शिजून लगदा झाला होता. टोमॅटोच्या रश्श्यात कढीपत्ता लपून बसला होता. राव काळं ऑलिव्ह दातानं फोडत म्हणाले, “आपलं मावडूच की हे, इटलीचं.” मावडू म्हणजे आमच्याकडचं बाळकैऱ्यांचं लोणचं. मी लिहून घेतलं.

ते भरभरून बोलत होते. “आता जग एक झालं बाई. कोण कोठला, कोणी पाहत नाही. गिऱ्हाईक तो गिऱ्हाईक.”

हेही मी लिहून घेतलं. त्यानंतर दहा मिनिटांत मी ताटं गोळा केली.

चार पावलं. पाचव्या पावलाला वेटर आडवा आला. पन्नाशीचा माणूस, जवळच्या पापनाशम गावचा, वाढताना त्यानंच सांगितलं होतं. त्यानं हात पुढे केले. “द्या अम्मा.” मागून रावांचा आवाज आला, “सोड रे. तिला सवय आहे.” वेटरचे हात तसेच राहिले. मागे घेता येईनात, पुढे करता येईनात.

मी त्या हातांकडे पाहिलं आणि मग माझ्या. त्याचे रिकामे होते. माझे भरलेले. तो ताटं उचलतो, ती त्याची नोकरी. संध्याकाळी गणवेश काढून ठेवतो आणि पुढल्या दारानं घरी जातो. आईला काढून ठेवायला गणवेश नव्हता. मलाही नव्हता. माझे तर हातच तसे शिवलेले होते.

मी वळले. टेबलापाशी आले. वरचं ताट माझ्या जागी ठेवलं, खालचं रावांपुढे. वाट्या जिथे होत्या तिथे. काटे तिरके. पुसलेल्या कापडावर ताटातले पावाचे तुकडे पुन्हा टाकले. मग बसले.

“काय करतीस?”

“राव, माझं जेवण झालंय. ताट उचला.”

त्यांनी वेटरकडे पाहिलं.

“तो नाही. तुम्ही.”

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांचंही हसू गेलं. “तुज बातमी लिहायची आहे की नाही?”

“लिहिणार आहे. ताट उचला. मी पाहुणी आहे, तुम्ही घरचे.”

“डोकं फिरलं काय? तुझी आई…”

“माझ्या आईनं तुमची उचलली. तुम्ही एक उचला.”

ते उठून गेले. मी बसून राहिले. दोन वाजले होते. वेटर एकदा जवळ आला. मी म्हटलं, “नको, अण्णा.” तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. तीन वाजले. रश्श्यावर साय धरली. माशा आल्या. राव दोनदा दारात येऊन गेले. एक हात पुढे करायचा होता. वीतभर अंतर. माणूस आगगाडीखाली हात घालील, पण हे करणार नाही, असं त्यांचं तोंड झालं होतं.

चारच्या सुमारास परदेशी लोकांची बस आली. खिडकीजवळची जागा हवी होती. वेटरनं ताटाला हात लावला तर मी पाहुण्यांसमोर अडवीन, हे रावांना कळत होतं. रावांनी दोघा वेटरांना बोलावलं, कानात काही सांगितलं. दोघे आले. एकानं एक बाजू धरली, पापनाशमच्या माणसानं दुसरी. माझ्याकडे न पाहता त्यांनी टेबल उचललं. ताटांसकट, पावाच्या तुकड्यांसकट, माशांसकट. स्वयंपाकघराच्या दारातून टेबल जाईना. तिरपं केलं असतं तर ताटं पडली असती, आणि पडलेली परत कोणी उचलायची? म्हणून त्यांनी ते पुढल्या दालनातून नेलं, येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांमधून वाट काढत, मुख्य दारानं बाहेर. एक बाई बाजूला सरून “सॉरी” म्हणाली.

आईनं उचललेलं एकही पान त्या माणसाच्या घराच्या पुढल्या दारानं गेलं नव्हतं.

मी खुर्चीवर. समोर नुसती फरशी. पंगतीची ती रांग मला आठवली, वीस-बावीस कोरी पानं. मग कळलं की यांना यापेक्षा जास्त काही येतच नाही. एक ताट उचलवत नाही म्हणून अख्खं टेबल हलवणारी माणसं. यांना मी इतकी वर्षं भ्यायले. यांच्यासमोर बसून जेवणं म्हणजे काहीतरी मिळवणं, असं मला वाटलं होतं. त्या लगद्याइतकीही किंमत त्याला नव्हती.

मी उठले आणि पुढल्या दारानं गेले.

आई राजवाड्यामागच्या त्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहत होती. तिला सांगितलं, रावांच्या हॉटेलात जेवले. तिनं काय जेवलीस विचारलं नाही. कसं होतं विचारलं नाही.

“पान कोण उचललं?”

“कोणी नाही. त्यांनी टेबल उचललं.”

तिला वाटलं मी चेष्टा करते. सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, “चार पावलं गेलीसच होतीस. आणखी दोन गेली असतीस तर काय झिजणार होतीस? उद्या जाऊन पाया पड.”

“नाही.”

“मी येत्ये बरोबर.”

“तूही जायचं नाही.”

“मज नको सांगूस,” ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. तिचे हात मी सोडवू शकले नाही, हे इथे लिहून ठेवते.

बातमी मी लिहिली. खोल्या, बसगाड्या, आचारी, मालकाचं म्हणणं, जसंच्या तसं. शेवटचं वाक्य होतं, “मालक पाहुण्याचं ताट उचलत नाहीत, वेळ आली तर टेबल उचलायला लावतात.” संपादकांनी ते वाक्य खोडलं. उद्योगाचं पान आहे, घरगुती गाऱ्हाण्यांचं नाही, म्हणाले. वर मथळा दिला, मराठी माणसाचा इटालियन झेंडा. कार्यालयात दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. झेंडा कुणाच्या हातात होता आणि खरकटं कुणाच्या, हे त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं.

मी अजूनही कामासाठी एकटी फिरते. अजूनही इटालियन हॉटेलात जेवते. दारात विचारतात, किती जण? मी सांगते, एक, खिडकीजवळ. खांबाआड बसवलं तर उठते आणि पुन्हा सांगते. जेवण झालं की हात शिवशिवतात. पाण्याच्या ग्लासाकडे जातात. मी ते मांडीवर ठेवते, एकावर एक, आणि ताट जिथे आहे तिथे राहू देते. वेटर आला की त्याला नमस्कार करते.

पानं आमच्या घरानं पुष्कळ उचलली. मी आता उचलत नाही. माझं ताट ज्याला खुपेल, त्यानं टेबल उचलावं.